स्टॅनीच्या कपाळावरचा चार

गेल्या वर्षीच्या क्रुसाच्या सणाचा फोटो आला आणि वटार गावातल्या एका आळीत हसून हसून लोकांच्या पोटात दुखायला लागलं. फोटोत सगळे होते. क्रूस होता, झेंडूच्या माळा होत्या. पण स्टॅनीच्या कपाळावर चारचा आकडा उमटला होता आणि क्लाराच्या कोऱ्या साडीवर ओळीने ठिपके पडले होते, देवी आल्यासारखे.

"बाप्तिस्म्यात फादरनी मला नाव दिलं होतं," स्टॅनी म्हणाला. "नंबर सॅन्टनभाऊंनी दिला."

तेव्हापासून स्टॅनी पाव आणायला दुकानात गेला तरी मागून कुणीतरी ओरडायचं, "ए चार नंबर!"

फोटो काढणारा सॅन्टन तुस्कानो मात्र त्या दिवसापासून गप्प झाला. तो गप्प झाला की घरात बोलायचं काम त्याच्या बायकोवर, इनेझवर येई, आणि ते तिला जमे. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण या माणसाने आवाज चढवला तो फक्त चर्चच्या गायनात, आणि तोही भलत्याच सुरात. कंपनीत फिटर होता. निवृत्त झाल्यावर केळीची वाडी आणि कॅमेरा, एवढंच त्याचं जग. कॅमेरा दोन डोळ्यांचा, जुना. पोटाशी धरायचा आणि मान खाली घालून वरून आत बघायचं.

"चर्चमध्ये एवढी मान वाकवली असती तर एव्हाना संत झाला असता," इनेझ म्हणायची.

"संत झालो असतो तर तुझ्या हातचं जेवण मिळालं नसतं," तो म्हणायचा, आणि ही स्तुती की टोमणा हे तिला अजून कळलेलं नाही.

क्रुसापुढचा आळीचा फोटो दरवर्षी मे महिन्यात त्यानेच काढायचा, ही रीत. आळीच्या हॉलच्या भिंतीवर ते सगळे फोटो ओळीने टांगलेले आहेत. त्यात म्हाताऱ्या माणसांची तरुणपणं आहेत, गेलेली माणसं आहेत. गेल्या वर्षीची जागा तेवढी रिकामी राहिली. आणि क्लाराने हॉलच्या मीटिंगमध्ये स्पष्टच सांगितलं, "यंदाही बिघडला, तर पुढच्या वर्षीपासून आमच्या पोराच्या, ॲलिस्टरच्या मोबाइलवर काढायचा. इनेझबाय, राग मानू नको हं."

इनेझने राग मानला नाही. पण नवऱ्याने परत येताना वाटेत दोनदा चष्मा पुसला, ते तिने पाहिलं.

दोष कुणाचा, यावर सॅन्टनने आधी फिल्म बनवणाऱ्याला धरलं, मग धुणाऱ्याला, मग हवेला. शेवटी मार्चमध्ये त्याने लॅबवाल्याला फोन लावला. त्याला कमी ऐकू येतं, म्हणून फोन स्पीकरवर. इनेझ मोरीपाशी कोळंबी सोलत बसली होती.

"काका, रोल कॅमेऱ्यात किती दिवस होता?"

सॅन्टनने हळूच सांगितलं, "मेपासून नाताळपर्यंत."

"काका, तेवढ्या काळात सातमाशी मूल जन्माला येतं."

मग त्या माणसाने नीट समजावलं. या मोठ्या फिल्मच्या पाठीला काळा कागद असतो, त्यावर आकडे आणि ठिपके छापलेले असतात. कॅमेऱ्याच्या मागच्या लाल खिडकीतून आपण तेच आकडे बघतो. अख्खा पावसाळा फिल्म त्या कागदाला चिकटून ओल पीत बसली, की कागदाची छपाई फिल्मवर उतरते. "आणि ठेवता कुठे नवा रोल? फ्रिजमध्ये? ठेवा. पण काढल्या काढल्या फोडू नका. गार वस्तूला घाम सुटतो. आदल्या दिवशी बाहेर काढा, पाकीट बंदच ठेवा."

इनेझने कोळंबीवरची नजर वर केली नाही. तिला सगळं आठवत होतं. क्रुसाची तयारी झाली, लोक उभे राहिले, तेव्हा हा माणूस धावत घरी आला होता, लोण्याच्या डब्यामागून रोल काढला होता आणि भर उन्हात पाकीट फोडलं होतं. आणि मग एक फोटो काढून कॅमेरा कपाटात. पूर्वी लग्नाबारशाची बोलावणी असायची, रोल आठवड्यात संपायचा. आता बोलावतं कोण? पण एका फोटोसाठी रोल धुवायला देणं सॅन्टनला ताटात टाकून उठण्यासारखं वाटायचं. म्हणून उरलेले फोटो तो राखून ठेवायचा. कशासाठी, ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

जेवताना तो घसा खाकरून म्हणाला, "मी पुष्कळ विचार केला, इनेझ. दोष ओलीचा असावा."

"हो?" इनेझ म्हणाली. "किती हुशार तुम्ही." आणि त्याच्या ताटात कोळंबी जास्त वाढली. "मग आता रोल त्याच दिवशी संपवायचा. बारा फोटो ना? बारा काढा."

"बारा? कुणाचे?"

"आळीत माणसं कमी पडली की माझ्या कोंबड्यांचे काढा."

सणाच्या आदल्या संध्याकाळी रोल फ्रिजमधून निघाला आणि बंद पाकिटातच कपाटावर जाऊन बसला. इनेझने येता-जाता त्याला "झाला का घाम गाळून?" असं विचारून घेतलं. सकाळी सॅन्टनने फणसाच्या गर्द सावलीत, कॅमेऱ्याच्या आतली धूळ मऊ ब्रशने झटकून, रोल भरला. धुळीचा एक कण राहिला तर फिल्मवर टोकापासून टोकापर्यंत ओरखडा जातो, हे तो कोंबड्यांनाही समजावत होता.

मग तो फोटो काढत हिंडला. क्रुसाला चुना लावणाऱ्या स्टॅनीचा काढला. "आकडा विचारून घाला हां, भाऊ, सात चालेल," स्टॅनी म्हणाला. माळा ओवणाऱ्या बायकांचा काढला. चण्याच्या पातेल्यात डाव फिरवणाऱ्या इनेझसमोर तो उभा राहिला तेव्हा ती डाव उगारून म्हणाली, "घामाने निथळतेय मी! आधी मला दिवसभर कपाटावर ठेवा!" पण त्याने मान घातली खाली, आणि कॅमेरा टिचकन वाजला. तिचा एकटीचा फोटो त्याने याआधी कधी काढला नव्हता. तिच्या ते एकदम लक्षात आलं, आणि मीठ दोनदा पडलं.

ऊन कलल्यावर आळी क्रुसापुढे उभी राहिली. क्लाराने साडी मुद्दाम बिनठिपक्यांची नेसली होती. सॅन्टनने कॅमेरा पोटाशी धरला आणि मान खाली घातली. इनेझने मनातल्या मनात एक नमो मरिया म्हटली. नवऱ्यासाठी म्हटली की फिल्मसाठी, ते देवमातेला कळलंच असेल.

तो फोटो अकरावा. मिस्साच्या प्रार्थनेची वेळ होत आली होती आणि एक फोटो उरला होता.

"राहू द्या, गुंडाळून टाका ना," ॲलिस्टर म्हणाला.

"एक वाया?" सॅन्टनचा जीव कासावीस झाला. इकडे बघ, तिकडे बघ.

"द्या इकडे," इनेझ म्हणाली. "भिंतीवर एवढे फोटो, त्यात एकातही तुम्ही नाही. उभे राहा."

तिने कॅमेरा पोटाशी धरला. आत सगळं उलटं, डावं उजवीकडे. ती नवऱ्याला मध्यावर आणायला जाई तसा तो बाहेरच पळे. "हलू नका!"

"मी कुठे हलतोय? तूच हलतेस!"

टिचक. मग सॅन्टनने सावलीत जाऊन रोल काढला. तो सैल पडू नये, कडेने उजेड शिरू नये म्हणून घट्ट धरला, शेवटची कागदी पट्टी जिभेने ओली केली आणि चिकटवली. आणि मग त्याला आठवलं, प्रसाद घ्यायच्या आधी तासभर तोंडात काही घालायचं नसतं.

"फादर," तो धावत जाऊन म्हणाला, "पट्टीचा डिंक चाटला मी. कम्युनियनचा उपास मोडला का?"

फादर झगा घालत होते. "चव कशी होती, काका?"

"कडू."

"मग प्रायश्चित्त झालं. चला."

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्याने रोल स्वतः लॅबवर नेऊन दिला. फोटो आले की पाकीट हॉलमध्ये सगळ्यांसमोर फोडायचं, असं क्लाराने ठरवलं होतं. त्या दिवशी सॅन्टन दाराशीच थांबला. इनेझने आळीचा फोटो बाहेर काढला.

आकडा नाही. ठिपका नाही. क्रुसावरच्या माळेतलं फूल न् फूल मोजता येत होतं. स्टॅनीचं कपाळ कोरं होतं, आणि त्याला जरा वाईटच वाटलं. क्लाराने फोटो उजेडात धरला, जवळ घेतला, लांब धरला.

"अगं बाय," ती म्हणाली, "माझे पिकलेले केस सगळे दिसतायत! गेल्या वर्षीचे ठिपकेच बरे होते."

"मग पुढच्या वर्षी?" इनेझने विचारलं.

"पुढच्या वर्षी मी केस रंगवीन. आणि फोटो काढणार कोण, सॅन्टनभाऊच काढतील. माझ्या ॲलिस्टरचा मोबाइल मागच्या महिन्यात विहिरीत पडला, त्यातले फोटो अजून बेडूक बघतायत."

सॅन्टन दारातून आत आला तेव्हा चष्मा पुसत होता.

शेवटचा फोटो इनेझने पदराआड लपवला होता, तो स्टॅनीने ओढून घेतला. त्यात सॅन्टनचा शर्ट होता, दोन हात होते, हनुवटीवरचं हसू होतं. त्याच्या वर काहीच नव्हतं.

"हा दोष ओलीचा?" स्टॅनीने विचारलं.

"नाही," सॅन्टन म्हणाला. "याला औषध नाही. बायको जवळ फार उभी होती."

आता तो फोटो हॉलच्या भिंतीवर आहे. डोकं पुढच्या वर्षी.