सायकलच्या मागून मोटर

दहा बहमन, फसली तेराशे पंचेचाळीस. पुण्याच्या हिशेबाने १९३५ च्या डिसेंबरचा मध्य. सकाळी आठला मी दवाखान्याच्या ओसरीवर बसून मोटरचे प्लग पॉलिश पेपरने घासत होते. चारातले दोन काजळीने काळेठिक्कर झाले होते. शेजारी माझा पुण्याचा परवाना आणि त्याला टाचलेली एक चिठ्ठी वाटीखाली दाबून ठेवली होती, कारण प्लग बसवले की ते कागद घेऊन मला पुन्हा कचेरीत जायचे होते. चिठ्ठीवर उर्दूत लिहिले होते की परक्या मुलखाचा हा परवाना तीस बहमनपर्यंत चालेल, पुढे इथला काढावा. हातात वीस दिवस होते.

परका मुलूख म्हणजे पुणे. तेव्हा मनमाडच्या पुढे मोगलाई लागायची, म्हणजे निजामाचे राज्य. करोडगिरीचे शिपाई जकातीसाठी ट्रंका उघडून बघायचे. भाकरी तीच, पण नाणी वेगळी, कचेरीतली लिपी वेगळी आणि महिनेही वेगळे. औषधांच्या नोंदवहीत तारीख चुकू नये म्हणून मी बाराही महिन्यांची नावे कपाटाच्या आतल्या बाजूला खडूने लिहून ठेवली होती. पहिल्या आठवड्यात त्यांचा राग यायचा. आज ते महिने कुणी वापरत नाही आणि मला मात्र अजून पाठ आहेत.

मी बाळंतपणे करणारी नर्स. तेव्हा तिशीची, आणि विधवा होऊन सहा वर्षे झालेली. औरंगाबादच्या एका व्यापारी घराण्याने बायकांसाठी दवाखाना काढला होता आणि त्यांना मोटर चालवता येणारी नर्स हवी होती. पुरुष ड्रायव्हर असला की पडद्यातल्या बायका मोटरीत चढत नसत आणि खेड्यातले सासरे सुनांना पाठवत नसत. मी मोटर चालवायला भावाकडून शिकले होते. नोकरी मिळाली ती त्या एका गोष्टीवर. परवाना नाही तर नोकरी नाही, हे मालकांनी पहिल्याच दिवशी सभ्यपणे सांगितले होते. मग पुन्हा भावाचे घर. भावजय वाईट नव्हती, पण तिच्या स्वयंपाकघरात मी सहा वर्षे कुठे उभे राहावे ते न कळून उभी होते. तिथे मला परत जायचे नव्हते.

त्या दिवशी मी कचेरीत गेले ती चौथी खेप. परवान्याची परीक्षा घेणारे अमीनसाहेब, म्हणजे पोलिसातले फौजदार, माझ्याच वयाचे, दाढी नीट कातरलेली, बोलणे अतिशय गोड. प्रत्येक खेपेला ते उठून उभे राहायचे, खुर्ची द्यायचे, चहा मागवायचे आणि पुढल्या आठवड्यात या म्हणायचे. नजर कायम माझ्या मागच्या भिंतीवर. त्या दिवशीही चहा आला. मी कप तसाच ठेवला आणि चार कारकुनांसमोर सांगितले की काय हवे ते साहेबांनी स्पष्ट सांगावे, पण माझ्याकडून एक छदाम मिळणार नाही.

कारकुनांच्या लेखण्या थांबल्या. अमीनसाहेबांनी माझ्या कागदांची मिसल बंद केली, तिच्यावर दोरा बांधला आणि म्हणाले, "आता आपण जावं, बाईसाहेब."

दवाखान्यात परतले ती तणतणत. आमच्याकडे एक आया होती, मुकुंदवाडीची, माझ्याहून वीस वर्षांनी मोठी. तिला मी मावशी म्हणत असे. चादरी वाळत घालता घालता तिने सगळे ऐकून घेतले आणि कपाळावर हात मारला.

"अवो बाई, त्येनला पैसं नकोत. परक्या बाईच्या शेजारी एकल्यानं बसायचं कसं, ह्ये कोडं पडलंय त्या माणसाला. इथं आजवर बाईनं परवाना मागितलाय का कुणी? लाजतोय त्यो. आन तुमी त्येला चोर ठरवून आला."

मी विचारले, हे त्याने तोंडाने का नाही सांगितले?

"लाजणारा माणूस तोंडानं सांगतो व्हय? आता कचेरीत पाय ठिवू नका. घरी जा. मागच्या दारानं. आई हाय की त्येंची."

पुण्यात मी अशी कुणाच्या घरी गेले नसते. काम कचेरीत, आणि घर घराच्या जागी, असा माझा खाक्या. पण दिवस मोजके होते. दुसऱ्या दिवशी दुपारी मी शहागंजच्या मागे त्यांच्या घराच्या जनानी दाराची कडी वाजवली.

अमीनसाहेबांच्या आई तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी तोडक्या हिंदीत सुरुवात केली, तर त्या खडखडीत मराठीत म्हणाल्या, "मराठी बोल गं. माजं बालपण शेंद्र्यात गेलंय." मग सूप बाजूला ठेवून त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिले. "माज्या पोराला लाचखाऊ म्हणालीस ती तूच का?"

"हो, मीच."

"त्यो काल जेवला नाय."

मी म्हटले, मी चुकले आणि तेच सांगायला आले आहे. मग परवान्याचे, तीस तारखेचे, नोकरीचे सगळे एका दमात सांगून टाकले. त्यांनी पुण्यात माझे कोण आहे ते विचारले, मी सांगितले. त्यांनी पुढे काही विचारले नाही. तांदळातला एक खडा काढून अंगणात भिरकावला आणि म्हणाल्या, "मी बसते मागं. त्यो यील सायकलीवर. मग तर झालं?"

संध्याकाळी अमीनसाहेब घरी येईपर्यंत मला त्यांनी जाऊ दिले नाही. ते पडद्यापलीकडे उभे राहिले, मी अलीकडे. मी माफी मागितली. मग ते म्हणाले, "आपण फार वाईट बोललात. पण सांगायला मलाही जमलं नाही, हेही खरं." आणि लगेच कचेरीच्या सुरात त्यांनी परीक्षेचा दिवस, वेळ आणि रस्ता सांगितला. आई आहे म्हणून सूट मिळणार नाही, हेही सांगितले.

अशी परीक्षा मी आयुष्यात दुसरी पाहिली नाही. पुढे अमीनसाहेब सायकलवर, त्यांच्या मागे मी, आणि माझ्या मागच्या सीटवर बुरख्यातल्या त्यांच्या आई, मांडीवर पानाचा डबा. आमच्या मोटरीला मागच्या तिन्ही काचांवर जाड पडदे होते, पेशंट बायकांसाठी. एरवी मोटर मागे घेताना मी मागचा पडदा गुंडाळत असे. त्या दिवशी अमीनसाहेबांच्या आई आत आहेत म्हणून हात लावला नाही.

सायकलच्या मागून मोटर चालवणे हे काम किती अवघड आहे ते चालवल्याशिवाय कळत नाही. पहिल्या गिअरमध्येसुद्धा ती पुढे धावते. क्लच दाबून दाबून माझा पाय भरून आला, रेडिएटर गुरगुरायला लागला. रस्त्यात अमीनसाहेबांना सलाम करणारे बरेच, आणि प्रत्येकासाठी ते सायकल हळू करायचे. मागून त्यांच्या आई म्हणायच्या, "आता ह्यो अर्धा घंटा बोलणार." बाकी वेळ त्या पडद्याच्या फटीतून बाजार बघत होत्या. मोटरीत त्या पहिल्यांदाच बसल्या होत्या, पण तसे त्यांनी कबूल केले नाही.

शहराच्या तटाला जिन्सीकडे दरवाजा होता; त्यात आम्ही निम्मे शिरलो आणि समोरून कडब्याच्या गाड्या आल्या, एकामागे एक. दरवाज्यातून एका वेळी एकच वाहन जाई. अमीनसाहेब सायकल घेऊन कडेने निसटले. पहिला गाडीवान म्हणाला, "बाई, बैल मागं जात नसत्यात. तुमीच सरा." म्हणणे बरोबर होते. मी मागे वळून पाहिले, तर मागे पडदा. त्यापलीकडे दगडी भिंत, रस्त्याची गटार आणि माणसे. दार उघडून वाकून बघायला जागा नव्हती. पडदा ओढा असे मी त्यांना सांगू शकले नाही.

त्यांनी स्वतःच बुरख्याची जाळी खाली केली, मागे वळल्या आणि पडदा एका झटक्यात बाजूला सारला. "ये," त्या म्हणाल्या. "अजून ये. म्हातारा हाय, थांब. गेला. आता ये. बास."

आम्ही बाहेर आलो. कडब्याच्या गाड्या निघून गेल्या. अमीनसाहेब सायकल हातात धरून आले, माझ्या मागच्या भिंतीऐवजी आता आईकडे बघत. "पाठीमागं कोण बघत होतं?"

"मी," आई म्हणाल्या.

"मग परवाना तुम्हाला द्यावा लागेल, अम्मा."

त्या हसल्या नाहीत. मीही नाही. मला वाटले, संपले. पण ते पुन्हा सायकलवर बसले आणि आम्ही मुकुंदवाडीच्या माळापर्यंत त्याच चालीने गेलो. तिथे आई उतरून लिंबाखाली बसल्या. अमीनसाहेबांनी मला मागचा पडदा गुंडाळायला सांगितला, मोटरीपासून वीस पावलांवर आपली सायकल आडवी उभी केली आणि फर्मावले की मागे या आणि सायकलला न लागता हातभर आधी थांबा. तीन वेळा. सायकल सरकारी नव्हती, त्यांची स्वतःची होती. एका पोलिसाला माझ्यासमोर घाम पुसताना मी पहिल्यांदा पाहिले.

दोन वेळा मी हातभर आधी थांबले. तिसऱ्यांदा चार बोटांवर. चार बोटे म्हणजे हातभर नव्हे, हे मला माहीत होते, म्हणून मी उतरून तशीच उभी राहिले. ते वाकून ते अंतर बराच वेळ बघत होते. लिंबाखालून आईंचा आवाज आला, "सायकल शाबूत हाय न्हवं? मग घरी चल. ऊन लागतंय."

परवाना त्यांनी कचेरीत स्वतःच्या हाताने लिहिला. वळणदार उर्दू अक्षर, आणि खाली एक ओळ जास्तीची: मोटर मागे घेताना मागचा पडदा उघडा असावा, आत कोणीही बसलेले असो. मालकांना मी ती ओळ वाचून घ्यायला लावली. त्यांनी मान डोलावली, आणि पुढली बारा वर्षे मी तिथेच राहिले.

ते राज्य गेले. त्यात घालवण्यासारखे पुष्कळ होते, मी त्याचे गोडवे गाणार नाही. पण दार कोणते वाजवावे हे समजले की काम होते, आणि चूक कबूल केली की माणूस पडद्यापलीकडून का होईना उत्तर देतो, हे मी तिथे शिकले. आता जालन्याकडच्या रस्त्याने मोटरी सुसाट जातात. सायकलच्या चालीने पाहिलेले ते शहर, त्या पानाच्या वासासकट, मला अजून हवे असते.

परवाना मिळाला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी मोटरीला हँडल मारले, मावशीला शेजारी बसवले आणि करमाडला गेले. तिथे एका बाळंतिणीचे टाके काढायचे होते. ते काढले, बाळाची बेंबी पाहिली, आणि ऊन चढायच्या आत परत आले.