केसिंगवरचा ठिपका

सायलेन्सर काढून गल्लीभर बोंबलत जाणाऱ्या मोटरसायकली पाहिल्या की माझं पित्त खवळतं. बजाजनगरला आमच्या घरासमोरून रोज संध्याकाळी अशा दोन-तीन जातात. मी फाटकाशी उभा राहून त्यांच्या मालकांना मनातल्या मनात जे बोलतो, ते इथं लिहिण्यासारखं नाही. बायको म्हणते, तुमच्या गाडीचा आवाज तेवढा चालतो, दुसऱ्याचा नाही. खरं आहे तिचं. माझ्या गाडीचा आवाज मी स्वतः बांधलेला आहे, त्यांनी नुसतं भोक मोठं केलंय.

मतांच्या बाबतीत मी आधीपासूनच हट्टी. बटण दाबून चालू होणारी मोटरसायकल मला अजून अर्धवट वाटते. किक मारताना इंजिन पायाला काहीतरी सांगतं, ते बटणाला कुठून कळणार? छोट्या विमानांबद्दलही माझं मत आहे, आणि मी आयुष्यात एकदाही त्यात बसलेलो नाही. तरुणपणी सुट्टीच्या दिवशी चिकलठाण्याच्या विमानतळाच्या भिंतीशी सायकल लावून मी तासन्‌तास उभा राहायचो. दोन-चार माणसांचं पंख्याचं विमान कधी आलं तर दिवस सार्थकी लागायचा. त्याच्या इंजिनात एकेका सिलिंडरला दोन-दोन प्लग असतात. उडण्याआधी वैमानिक प्लगांची एकेक बाजू बंद करून दुसरीवर इंजिन नीट चालतं का ते बघतो, कारण वर गेल्यावर बंद पडलं तर कडेला लावता येत नाही. मोटरसायकलचं इंजिन बांधणाऱ्यानंही तेवढीच भीती मनात ठेवून बांधावं, असं मी चारचौघांत ठासून सांगतो. खरं तर हे मत माझं नाही. ते उस्तादांचं आहे.

उस्तादांचं गॅरेज जुन्या मोंढ्याजवळ होतं. शहराचं नाव तेव्हा वेगळं होतं आणि रस्त्यावर श्वास घ्यायला जागा होती. मी वाळूजच्या एका कारखान्यात टूलरूमला होतो. पहिली पाळी सुटली की घरी जायच्या आधी गॅरेजवर. पगार कारखान्यात मिळायचा, पण काम शिकलो ते उस्तादांकडे. सिलिंडर नव्यानं बोअर करणं, क्रॅंक सरळ करणं, जुन्या इंजिनात जास्त ताकदीचा पिस्टन बसवून त्याला खालचा भाग पेलेल असं सगळं जुळवणं, ही कामं करायला जळगाव-जालन्याहून लोक यायचे. उस्ताद लासूर स्टेशनकडच्या शेतकरी घरातले. शाळा फारशी झालेली नव्हती. मापं बोटांनी घ्यायचे. मी मायक्रोमीटर काढला की हसायचे आणि मला मुद्दाम ‘इंजिनेर साहेब’ म्हणायचे.

इंजिन तपासायची त्यांची एक पद्धत होती. हातभर लांब पेचकसाचं टोक चालू इंजिनाला टेकवायचं आणि लाकडी मूठ दातांत धरायची. बाकीचे मेकॅनिक मूठ कानाला लावायचे. आम्हांला वाटलं, ही उस्तादांची ऐट. मग काय, गॅरेजवर येणारा प्रत्येक जण दातांत पेचकस धरायला लागला. ऑइलची चव तोंडात घेऊन आम्ही घरी जेवायला बसायचो. माझ्या पुढच्या दाताचा टवका तेव्हाच उडाला, आणि त्याचाही मला काही दिवस अभिमान होता.

दुसरी पद्धत ठिपक्याची. नवं बांधलेलं इंजिन अजिंठ्यापर्यंत नेऊन आणायचं. वाटेत थांबत, त्याला गार होऊ देत, अजिंठ्याच्या स्टॅंडसमोर चहा पिऊन परत. आल्यावर गरम इंजिन उस्ताद तपासणार. पसंत पडलं तर केसिंगच्या, म्हणजे इंजिनाच्या बाहेरच्या कवचाच्या, खालच्या कडेला, वाकल्याशिवाय दिसणार नाही अशा जागी, सेंटर पंचाचं टोक धरून हातोडीचा एक घाव. ज्वारीच्या दाण्याएवढा ठिपका. तोंडानं ‘चांगलं झालं’ हे शब्द मी त्यांच्याकडून कधी ऐकले नाहीत. ठिपका पडला की समजायचं. कुठं दोन मोटरसायकलवाले भेटले की आधी रस्त्यावर वाकून एकमेकांच्या गाडीखाली बघायचे. येणारे-जाणारे म्हणायचे, काही सांडलं का भाऊ?

माझ्या गाडीवर तो ठिपका नव्हता. वीसेक वर्षं नव्हता. गेल्या हिवाळ्यात तो मागायला मी लासूर स्टेशनला गेलो.

आधी तो का नव्हता ते सांगतो. साडेतीनशे सीसीची एक जुनी गाडी मी भंगारात घेतली आणि सुट्ट्या खर्ची घालून इंजिन एकट्यानं बांधलं. कनेक्टिंग रॉडचं बुश, म्हणजे आतलं पितळी कडं, मी स्वतः लेथवर काढलं. शंभर वेळा मापलं असेल. अजिंठ्याला नेलं, परत आणलं. गॅरेजात तेव्हा चार-पाच गिऱ्हाइकं होती. उस्तादांनी पेचकस दातांत धरला, बराच वेळ धरला. मग माझ्याकडं वळून म्हणाले, “तुला काय ऐकू येतं?”

मला ऐकू येत होतं. इंजिन तापल्यावर एक बारीक टिकटिक येत होती, परतीच्या वाटेवर सिल्लोडपासून. पण एवढ्या लोकांसमोर, मायक्रोमीटरवाल्या माणसानं, ते कसं सांगायचं? मला वाटलं, हे माझी परीक्षा घेताहेत. मी म्हणालो, “काय नाय उस्ताद. एकदम साफ.”

उस्तादांनी माझ्याकडं पाहिलं. हातातला पंच वरच्या खिशात ठेवला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं गेले.

माझं डोकं फिरलं. अरे, काही चुकलं असेल तर सांगा, चार शिव्या द्या! गाडीला किक मारली आणि निघालो. दुसऱ्या दिवशी गेलो नाही, तिसऱ्या दिवशी नाही. महिना गेला. मग आता कोणत्या तोंडानं जायचं, असं वाटायला लागलं. पुढं गॅरेज बंद झाल्याचं कानावर आलं, उस्ताद लासूरला लेकीकडं गेल्याचंही. गाडी मी काही वर्षं चालवली आणि मग ताडपत्रीखाली ढकलली. रोज कामावर जाताना ताडपत्री दिसायची, आणि रोज थोडा राग यायचा. तो त्यांचा आहे असं मी स्वतःला सांगत होतो.

निवृत्त झाल्यावर ताडपत्री काढली. इंजिन पुन्हा उघडलं, सगळं नव्यानं बांधलं. हात पूर्वीसारखे चालत नाहीत, चष्मा कपाळावर सरकवून सगळं बघावं लागतं. पण या वेळी घाई नव्हती आणि कुणाला दाखवायचं नव्हतं. असं मी म्हणायचो. पहिल्या किकला इंजिन चालू झालं आणि त्याच क्षणी मनात आलं, उस्तादांना दाखवायला हवं. ते आहेत का, हेच आधी विचारावं लागलं. मोंढ्यातले जुने ओळखीचे म्हणाले, आहेत, लासूरलाच.

सकाळी निघालो. गाडी लासूरपर्यंत अशी चालली की मी हेल्मेटच्या आत चक्क गुणगुणत होतो. स्टेशन जवळ आलं, कांद्याच्या गाड्यांमागं वेग कमी झाला, आणि कानात आलं. टिक. टिक. टिक. तीच बारीक टिकटिक, इतक्या वर्षांनी, जणू ती माझी वाट बघत लासूरला बसली होती. गाडी कडेला घेऊन मी डोकं धरून बसलो. परत जावं असंही वाटलं. मग मनातला जुना पाजी बोलला, म्हातारा माणूस आहे, त्याला कुठं एवढं ऐकू जाणार?

दारात लेक आली. मी ओळख सांगितल्यावर म्हणाली, “बाबा आतच हायेत. पण मोठ्यानं बोलून उपयोग नाय, त्यांना काहीच ऐकू येत नाय. तोंडाकडं बघून समजतं थोडंफार.”

“कधीपासून?”

“लई वर्षं झाली. गॅरेज व्हतं तवाच गेले कान. कुणाला कळू दिलं नाय. गिऱ्हाइकं येणार नायत म्हणून. आवाज नुसता दातांतून यायचा थोडा, शेवटी तोबी गेला.”

मी तिथंच ओट्यावर बसलो. दातांत पेचकस. आम्ही सगळे वेडे त्यांची ऐट म्हणून ती नक्कल करत होतो, आणि त्या माणसाला तेवढाच एक रस्ता उरला होता. शेवटी म्हणजे नेमकं कधी, ते मी तिला विचारलं नाही. मला माहीत होतं.

उस्ताद बाहेर आले. वाळले होते, पण मला ओळखलं. माझ्याकडं एकदाच बघितलं आणि सरळ गाडीखाली वाकून पाहिलं. केसिंगची कड कोरी होती. “इंजिनेर साहेब,” म्हणाले, “अजून मोकळंच का?”

मी गाडी चालू केली. त्यांनी लेकीकडून पेचकस मागवला, टोक टेकवलं, मूठ तोंडात धरली. कवळी इतकी कडकडा वाजायला लागली की लेक हसली, मी हसलो आणि उस्तादही पेचकस टाकून हसत सुटले. मग त्यांनी एक तळवा टाकीवर सपाट ठेवला. माझ्या तोंडाकडं नीट बघत विचारलं, “तुला काय ऐकू येतं?”

शब्द तेच होते. गॅरेजात माझ्यासमोर उभा असलेला तो माणूस माझी परीक्षा घेत नव्हता. त्याला ऐकू येत नव्हतं, म्हणून तो मला विचारत होता. एवढी साधी गोष्ट, आणि मी वीस वर्षं तोंड फिरवून बसलो होतो! मला स्वतःची लाज वाटली, आणि रडू आलं ते लपवायला मी चष्मा पुसला.

मग मी त्यांचा दुसरा हात धरला आणि पंजाच्या वरच्या बाजूवर बोट वाजवायला लागलो. इंजिनात वाजत होतं तसंच. टिक. टिक. टिक.

उस्तादांनी डोळे मिटले. एका तळव्याखाली इंजिनाचे ठोके, दुसऱ्या हातावर माझं बोट. थोड्या वेळानं म्हणाले, “ठोका एक अन् टिक एक. ठोक्याला दोन असत्या तर खालचं, क्रॅंकचं काम निघालं असतं. हे टॅपेट हाय. बंद कर.”

टॅपेट म्हणजे सिलिंडरशेजारच्या झाकणामागच्या, व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दोन उभ्या दांड्या. त्या थंड इंजिनावर लावाव्या लागतात, म्हणून आम्ही ओट्यावर बसून राहिलो. चहा झाला. ऊन अंगणात पुढं सरकलं. मी तोंड त्यांच्याकडं करून, एकेक शब्द सावकाश म्हणालो, “त्या दिवशी पण टिकटिक होती, उस्ताद. मी खोटं बोललो.”

“ठाव हाय.”

“कसं?”

“त्या वर्षी मी सगळ्यांनाच इचारायचो. त्यांनी सांगितलं त्याच्यावर ठिपका मारायचो. तुला इचारलं अन् तू जमिनीकडं बघून बोल्लास. कान गेले व्हते, डोळे नव्हते गेले.” मग चहाचा कप बाजूला सारून म्हणाले, “वाटलं, उद्या येशील अन् सांगशील. पंच खिशातच ठेवला व्हता लई दिवस.”

मी उठून इंजिनावर हात ठेवून पाहिला. अजून कोमट होतं.

इंजिन गार झाल्यावर मी झाकण काढलं. उस्ताद उकिडवे बसले आणि दोन बोटांत एकेक दांडी धरून फिरवून पाहिली. ती बोटांनी सहज फिरली पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये. फट मोजायचं फीलर गेज लागत नाही, मायक्रोमीटर तर नाहीच. एका दांडीचं नट सुटून किंचित ढील पडली होती. पाने मी धरले, बोटं त्यांची होती. “आता फिरव. अजून. बास.” माझं बोट धरून त्यांनी दांडीवर ठेवलं, म्हणाले, “हे बघ, असं.” इतकी वर्षं इंजिनं बांधूनही ती ढील बोटाला कशी लागते ते मला त्या दिवशी नीट कळलं.

झाकण लावून पुन्हा किक मारली. स्टेशन रोडला एक चक्कर मारून इंजिन पुरतं तापवून आणलं. अंगणात उभं करून मी कान देऊन ऐकलं, खाली वाकून ऐकलं. उस्ताद माझ्या डोळ्यांकडं बघत होते. त्यांच्याकडं सरळ बघत मी म्हणालो, “नाही. आता काही नाही.”

ते आत गेले आणि एका डब्यातून पंच आणि छोटी हातोडी घेऊन आले. तो जुनाच पंच, घाव बसून बसून डोकं छत्रीसारखं पसरलेलं. गाडी आडव्या स्टॅंडवर कलती करून ते खाली बसले आणि पंच केसिंगच्या कडेला धरला. त्यांनी हातोडी माझ्याकडं पुढं केली.

“तू मार. मला घाव सरळ बसत नाय आता.”

पंच त्यांच्या बोटांत होता, आणि बोटं हलत होती. मी म्हणालो, नको उस्ताद, बोटावर बसेल. त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलंच नाही, त्यामुळं त्यांना ते कळलं नाही. ते नुसते पंचाच्या टोकाकडं बघत वाट पाहत होते. मी हातोडी उचलली आणि एकच घाव घातला.

उस्तादांनी पंच बाजूला केला, अंगठ्यानं ठिपका चाचपला आणि मग माझ्याकडं मान वर करून विचारलं, “वाजला का रे?”

मी म्हणालो, “वाजला.”