बाईला समुद्र कसा वाटला?

भाच्याचा देऊळघाटहून फोन आला तेव्हा मी चिखलीच्या बाजारात मेथी घेत होतो. "मामा, आई गेली," एवढंच तो म्हणाला. त्याची आई म्हणजे माझी थोरली बहीण. आम्ही भावंडं तिला बाई म्हणायचो. ती जुडी मी परत ठेवली की घरी आणली, हे आजही आठवत नाही... आणि धड रडूही झालं नव्हतं तोच नवा घोळ उभा राहिला. स्मशानातून आल्यावर भाचा म्हणाला, "आईनं सांगून ठेवलं होतं, अस्थी समुद्रात टाका. म्हणे, मामाले जागा माहीत आहे." मला कसली जागा माहीत असणार? बाई माझ्यासोबत समुद्राच्या गावी एकदाच आली होती, आणि तिथं ती पाण्याकडे फिरकलीसुद्धा नव्हती.

भावजी गेल्यावर तिला जरा मोकळं वाटावं म्हणून मी आणि बायको तिला कोकणात घेऊन गेलो होतो. गाव इतकं निवांत की दुपारी औषधाचं दुकानही बंद. "काऊन बे, गावात कोणी मेलं का?" बाईनं विचारलं. तिचे गुडघे दुखत, म्हणून मी तिचा हात सोडत नव्हतो. वाळूवर चल म्हटलं की ती म्हणे, "तुम्ही जा, मी बसतो इथंच." जेवायला आम्ही किनाऱ्यालगतच्या एका मावशींच्या खाणावळीत जायचो. बाईनं जन्मभर आधी सगळ्यांना वाढलं आणि मग स्वतः जेवली. तिला आयतं ताट कसं पचावं? शेजारच्या टेबलावरची मंडळी भाताची वाट पाहताना दिसली, तशी ही उठली, मावशींच्या हातातलं पातेलं घेतलं आणि अनोळखी माणसांना वाढत सुटली. "घ्या हो, लाजू नोका, भात लय आहे." एका गृहस्थांनी तिलाच उद्याची सुरमई सांगितली आणि तिनं ती खुशाल कबूल केली. स्वतः मात्र आमटीभातच खाल्ला.

परतताना मी विचारलं, "समुद्र कसा वाटला?"

"चांगला आहे," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर पाहत बसली.

थोड्या अस्थी राखून ठेवल्या होत्या. गेल्या आठवड्यात भाचा आणि मी त्याच गावी गेलो, दुसरी जागा मला सुचेना. मावशींनी लगेच ओळखलं. बाई गेल्याचं ऐकून त्या ओट्यावरच बसल्या. म्हणाल्या, "दुपारी तुम्ही झोपलात की आम्ही दोघी पाण्यात जायचो. त्या गुडघाभर पाण्यात उभ्या राहायच्या, हसायच्या. भावाला सांगू नका म्हणायच्या."

"का पण?"

"म्हणायच्या, तो आला की हात धरतो. मग पडायची भीती वाटते."

मला आधी रागच आला. मग वाईट वाटलं, मग बरं वाटलं, आणि यातलं खरं कोणतं ते अजून ठरत नाही. तो हात तिला कधी हवा होता आणि कधी नको होता, हे आता विचारायचं कुणाला...

भाचा अस्थी घेऊन पाण्यात शिरला. लाट आली तसा जरा डगमगला आणि मागे वळून म्हणाला, "मामा, या ना."

मी काठावरच उभा राहिलो.