शालीतला लोलक

कोल्हापूर स्टँडवर गडहिंग्लजच्या एसटीत खिडकीशी एक गृहस्थ बसले होते. मांडीवर नारळ आणि शालीत गुंडाळलेलं काहीतरी. शेजारी बसत मी विचारलं, "सत्कार झाला जणू?"

"व्हय. भौतिकशास्त्र चांगलं शिकवतोय म्हणून पुरस्कार दिला," ते लाजत म्हणाले. शालीतून त्यांनी जाड काचेचं तिकोनी सन्मानचिन्ह काढलं आणि खिडकीतल्या उन्हात धरून हळूहळू फिरवू लागले. समोरच्या सीटच्या पाठीवर तांबडा, हिरवा, जांभळा पट्टा उमटला.

"शाळंतला लोलक फुटून दोन वर्सं झाली. पोरांस्नी रंगीत खडूनंच दावतोय. आता ह्यो चालतोय की."

पट्ट्याच्या मधोमध काळपट डाग होता. मी बोट दाखवलं.

"तिथं माझं नाव कोरलंय. उजेड अडतोय. गडहिंग्लजात ओळखीचा चष्मेवाला हाय, उद्या त्याच्याकडनं घासून घेतो."

घासण्याआधी निदान आपण तरी नाव वाचावं म्हणून मी काचेवर वाकलो. त्यांनी वर्गातल्या मुलाला वळवावं तसा माझा खांदा धरून मला समोर वळवलं.

"हिकडं काय न्हाय, पावणं. तिकडं बघा."