निवडून टाकलेले दाणे

आक्का गेल्याचा फोन रेहानाचा होता. रेहाना म्हणजे आक्काची शेवटची विद्यार्थिनी. आता स्वतःच परभणीत कॉलेजात शिकवते. दुखण्यात तीच आक्काजवळ राहायची. "मामा, मॅडम गेल्या," एवढंच म्हणाली. सकाळची वेळ, मी गावी, चुडाव्यात, आमच्या ओसरीवर. कुणाला कळवायचं, कोणत्या गाडीनं निघायचं... यातलं काही सुचलं नाही. पहिलं मनात आलं ते हे, की आता तिला खरं सांगायचं राहून गेलं. सात आठवडे झाले, तेच मनात घेऊन हिंडतोय.

आक्का माझी थोरली बहीण, नऊ वर्षांनी मोठी. परभणीत आनुवंशशास्त्र शिकवण्यात तिचा जन्म गेला, लग्नाच्या भानगडीत पडली नाही. गावात कुणी विचारलं, बाई काय शिकवत्यात, तर मी 'बियाण्याचं' म्हणून मोकळा व्हायचो. तिला राग यायचा. मग मलाच समोर बसवून समजावायची. प्रत्येक जिवात म्हणे काही जनुकं एका जागी टिकत नाहीत. उठतात, दुसरीकडे जाऊन बसतात, कधी आपली नक्कल मागे ठेवतात. आक्का त्यांना उडाणटप्पू म्हणायची. असा एक उडाणटप्पू मक्याच्या रंगाच्या जनुकात जाऊन बसला, की दाणा पांढरा पडतो. दाणा भरताना एखाद्या भागात तो तिथून उठला, की तेवढ्या भागात जांभळा रंग परतून ठिपका पडतो. या ठिपक्यांवर तिनं सगळी नोकरी काढली.

"अन् आपल्या हळदीत?" मी एकदा विचारलं.

"हळदीतबी असतेत की. पण हळद बेण्यातून येती, जुन्याच गड्ड्यातून. तोच जीव दरसाल मातीत जातो. आतला उडाणटप्पू कितीबी फिरला तरी त्याच घरात, अन् घर बुडलं की तोबी बुडाला. मक्याचं तसं न्हाई. परागाबरोबर तो दुसऱ्याच्या घरी जातो, तिथून तिसऱ्याच्या. त्यामुळं एखाद्या घराची नासाडी केली तरी त्याचं भागतं." मग म्हणाली, "मी हळदीतली, बापू. माझ्यातलं माझ्यासंगंच जाणार..." मी बैलाचा विषय काढला. अशा वेळी मला बोलताच येत नाही, पहिल्यापासून.

निवृत्त झाल्यावर तिनं ठिपक्यांच्या मक्याचं बियाणं माझ्या हवाली केलं. विहिरीजवळच्या तुकड्यात दरसाल पेरायचं, कणसांना आणि तुऱ्यांना कागदी पिशव्या घालायच्या, ज्या झाडाचा पराग त्याच झाडाच्या कणसावर झटकायचा. लोक हसायचे, पाटलाचा मका लग्नाला निघाला म्हणायचे. दाणे निवडायला मात्र ती स्वतः यायची. मागच्या साली उपचार चालू होते, येता आलं नाही. मका मीच सोलला.

आमच्या घरात बियाणं निवडायची रीत आहे. आई सूप घेऊन बसायची. डागी, किडका, चिमलेला दाणा बाजूला. स्वच्छ, टपोरा तेवढा राखेत घालून डब्यात. बियाण्यात डागी दाणा निघाला की तिला खाली मान घालावी लागल्यासारखं वाटायचं. मी सूप पुढ्यात ओढलं. डोकं आक्काच्या रिपोर्टांत होतं आणि हात आईचे. पांढरे आणि पूर्ण जांभळे डब्यात, ठिपक्यांचे सगळे बाहेर. बाहेरचे कमलनं, माझ्या बायकोनं, शेळ्यांना घातले. डब्याचं झाकण लावताना माझ्या लक्षात आलं. तोवर शेळ्या रवंथ करत बसल्या होत्या.

मी कुणाला बोललो नाही. ती बरी झाली की सांगू, असं धरून चाललो. ती बरी झाली नाही. शेवटी भेटलो तेव्हा तिला नीट दिसतही नव्हतं. दाणे घेऊन ये, असा निरोप तिचाच होता. डब्यातले मूठभर पांढरे मी तिच्या हातावर ठेवले.

"यंदा ठिपके कसे आलेत रं? मला दिसंना गेलंय."

"लय भारी आलेत, आक्का."

"बारीक का मोठे?"

"दोन्ही."

तिनं मूठ मिटली. "बरं झालं. जपलंस," म्हणाली. चार दिवसांनी फोन आला.

दिवसपाणी उरकल्यावर मी रेहानापाशी सगळं ओकलो. वाटलं होतं, ही आता तोंड बघायची नाही माझं. ती म्हणाली, "मामा, एवढंच? सगळा दाणा जांभळा म्हणजे उडाणटप्पू रंगाच्या जनुकातून आधीच उठून गेलाय. पण पुष्कळदा त्याच दाण्यात दुसरीकडं बसलेला असतो, दिसत नाही इतकंच. जांभळे पेरा, नेहमीसारखे जपा. काही दाण्यांवर ठिपके परत यायची आशा आहे." मग हळूच म्हणाली, "मॅडमनी पण नोकरीच्या पहिल्या वर्षी असंच बियाणं निवडून टाकलं होतं. दरवर्षी वर्गात हसून सांगायच्या. तुमी सांगितलं असतं तर खूप हसल्या असत्या."

हे ऐकल्यापासून मला जेवण गोड लागत नाही. शेवटच्या महिन्यात आक्काला हसावं असं काहीच घडलं नव्हतं. एक गोष्ट होती, ती मी भीतीपोटी दाबून ठेवली.

जांभळे दाणे पेरलेत. मका कमरेएवढा झालाय. कमल म्हणते, ठिपके आले की तुमच्या मनावरचं ओझं उतरंल. तिला काय सांगू? आले तर रेहानाला कळवीन. आक्काला मी आधीच सांगून बसलोय, लय भारी आलेत म्हणून.