ग्राउंडच्या टोकाला

शिरूरच्या आमच्या जुन्या कॉलेजात वर्षभर एक बाई रोज यायच्या. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. केंदूरहून सुनेबरोबर सकाळच्या एसटीनं यायच्या, तिला बी.ए.च्या वर्गापर्यंत सोडायच्या आणि तान्ह्या नातवाला घेऊन दगडी व्हरांड्यात बसायच्या. तासाची घंटा झाली की सून धावत यायची आणि आडोशाला बसून बाळाला पाजायची. तेवढ्यात बाई तिची सुटलेली वेणी घालून द्यायच्या.

कॉलेजचं पाळणाघर झालं, अशी कुरकुर स्टाफरूममध्ये चालायची. मला चीड यायची. पाहुणे आले की कुंड्या मांडायला हाच व्हरांडा चालतो, बाळ तेवढं चालत नाही!

शेवटच्या पेपरला मी सुपरव्हिजनला होतो. बाहेर बाळ रडायला लागलं आणि सुनेचा हात थांबला. ती खिडकीकडे बघत राहिली. रडणं हळूहळू लांब गेलं, मग ऐकूच येईना. तिनं मान खाली घातली आणि पुन्हा लिहायला लागली.

पेपर गोळा करून मी बाहेर आलो. बाई ग्राउंडच्या पार टोकाला, भिंतीपाशी उन्हात उभ्या होत्या. डोक्यावरचा पदर काढून बाळावर धरला होता.

"मावशी, व्हरांड्यात सावली होती की!"

"तिथनं तिला रडणं ऐकू जातं, सर," त्या म्हणाल्या. "माझ्या दहावीच्या पेपरला ह्याचा बाप असाच बाहेर रडत हुता. मी पेपर टाकून उठले. त्याला घिऊन एवढं लांब जाणारं कुणी नव्हतं."