रक्त तपासल्याशिवाय सासरी नाही

आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते. जत्रा, रात्रभर दंडारीचे खेळ, आणि लग्न झालेल्या लेकी झाडून माहेरी. मंडई आटोपली की जावई त्यांना न्यायला येतात. आलेला जावई एकटाच परत गेला, तर गावाला महिनाभर चघळायला विषय मिळतो. त्या वर्षी मी ह्याच भरवशावर अर्जुनी मोरगावकडे, माहेरी आले होते.

माझा नवरा नागपूर-रायपूर रस्त्यावर ट्रक चालवायचा. त्याच्या सोबतचा एक ड्रायव्हर एड्सने गेला आणि पाठोपाठ त्याची बायकोही अंथरुणाला खिळली. ती बिचारी सडक अर्जुनी गाव सोडून कुठे गेली नव्हती. तिला भेटून आले आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. सरकारी दवाखान्यातल्या ताई म्हणाल्या, दोघांचंही रक्त तपासा, तोवर निरोध वापरा. नवऱ्याला सांगितलं, तर त्याने हसण्यावारी नेलं. मग मलाही हट्टाला पेटता येतं.

तो न्यायला आला. वडे खाऊन झाल्यावर मी म्हटलं, "आधी दवाखान्यात चाला. मीबी रक्त देईन, तुमीबी द्या. मंगच घरी येईन."

"माह्यावर भरोसा नाई तुहा?"

"तुमच्यावर हाय, बिमारीवर नाई."

आई स्वयंपाकघरातून धावत आली. "जवायाले असं बोलतेत का? डोस्कं फिरलं का तुहं?"

माझा भाऊ वहिनीला गावी ठेवून नागपुरात बांधकामावर असायचा, मंडईपुरता आला होता. त्याला चेव आला. "भाऊजी सुईले भेऊन राहिले!"

झालं! दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं दवाखान्यात. आधी मी हात पुढे केला. मग त्याची पाळी आली, आणि सुई बघताच एवढा धिप्पाड गडी घामाघूम होऊन बाकावर आडवा. मला हसू आवरेना. रिपोर्टची वाट बघताना मात्र मी दहादा दारापर्यंत जाऊन आले.

दोघांचंही निगेटिव्ह निघालं. मी तिथेच व्हरांड्यात रडले, हसले. तीन महिन्यांनी पुन्हा तपासायला या, तोवर निरोध वापरा, असं सांगून ताईंनी पाकिटं पुढे केली. मी काही बोलायच्या आत त्याने ती खिशात टाकली. "तू अडली नसती तं मी आलोच नसतो," तो हळूच म्हणाला. तो मला त्या दिवशी नव्याने आवडला.

घरी चक्कर आल्याची गोष्ट ऐकून भाऊ पोट धरून हसत सुटला. आई माझी ओटी भरत होती. तिचा हात थांबला.

"हासतोस कायले? तू तरी कुठं घरी रायतोस? बायकोले घेऊन तूबी दवाखान्यात जाय."

मंडईभर तोंडातून अवाक्षर न काढलेली वहिनी आतून म्हणाली, "उद्या सकाळच्या पहिल्या एसटीनं जाऊ."